कोणालाही न दिलेला पत्ता

आईच्या पेन्शनच्या कामासाठी मी नवा ईमेल पत्ता उघडला, तो अजून कोणालाही दिलेला नव्हता, आणि तिसऱ्याच दिवशी ‘तुमचे केवायसी आज संपत आहे’ असे पत्र येऊन थडकले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असा पत्ता कोणी फोडावाच लागतो असे नाही. नाव, आडनाव आणि जन्मसाल जोडून होणारे लाखो पत्ते यंत्रे आपोआप तयार करतात, सर्वांवर पत्रे धाडतात आणि जेथून पत्र परत येत नाही तो पत्ता चालू आहे असे धरतात. पत्रातले चित्र उघडले, की वाचल्याची वर्दीही पाठवणाऱ्याला पोहोचू शकते. म्हणून मी चित्रे आपोआप दिसणे बंद केले, अंदाज बांधता येणार नाही असा शब्द घालून दुसरा पत्ता उघडला, आणि अनोळखी पत्रातले ‘अनसबस्क्राइब’ न दाबता त्याला स्पॅम ठरवायचे, हे आईला चारचारदा समजावले. एवढा खटाटोप तिने का करावा? आजही बँकेचे खरे पत्र आले, तरी ती उघडण्याआधी मला फोन करून विचारते, “हे उघडू ना रे?”