लागर बिअर ‘हलकी’ म्हणून गाडीला किल्ली लावू नका

परवा घरच्या ग्रुपवर भाच्याने बिअरच्या दोन प्रकारांवरचा एक फॉरवर्ड टाकला, ‘लागर आणि एल यांतले पाच फरक’. रात्रीपर्यंत तोच मजकूर आणखी दोन ग्रुपांवर आला. एरवी सोडून दिलं असतं. पण पाचवा मुद्दा असा: ‘लागर हलकी असते, दोन बाटल्यांनंतरही गाडी चालवता येते.’ त्याखाली भाच्याने लिहिलेलं, ‘बघ मामा, उगाच ओरडतोस.’ हा पोरगा दर शनिवारी रात्री बाइकवरून घरी येतो.

म्हणून पाचवाच आधी घेतो, कारण तो धादांत खोटा आहे. बिअर लागर की एल हे ठरतं यीस्टवर, म्हणजे ती आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीवर, आणि ती किती थंडीत आंबवली त्यावर. त्यावरून अल्कोहोल किती ते कळत नाही. भाच्याकडून त्याच्या नेहमीच्या बाटलीच्या लेबलचा फोटो मागवला. वर मोठ्या अक्षरांत ‘स्ट्राँग’, खाली बारीक अक्षरांत ‘लागर’, आणि अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत! आता हिशेब करा. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्क्यांनी ५२ मिली अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिली लार्ज पेगमध्ये ते जेमतेम २६ मिली. म्हणजे दोन बाटल्या प्यायल्या की चार लार्ज पोटात गेले. चार लार्ज घेतलेल्याच्या हातात तुम्ही गाडी द्याल का? माइल्ड, ५ टक्क्यांची घेतली तरी दोन बाटल्यांचे अडीच लार्ज होतातच.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सरळ आहे: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. लागरला त्यात सवलत नाही.

फॉरवर्डमधलं ‘गडद ती एल, सोनेरी ती लागर’ हेही चूक. रंग माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, किती भाजलं त्यावर येतो. म्युनिकची डुंकेल तपकिरी आहे आणि ती लागर. कोलोनची क्योल्श फिकट सोनेरी, पण एलच्या यीस्टने आंबवलेली.

‘लागर केमिकलने बनते’ म्हणे! लागर हा शब्दच जर्मनमधल्या ‘साठवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. ती थंडीत आठवडेच्या आठवडे मुरवतात. तिचं यीस्ट संकरित आहे. त्याचा थंडी सोसणारा पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं संशोधकांनी २०११ मध्ये जाहीर केलं. यात केमिकल कुठे आलं?

एलला फळांसारखा वास येतो, हे मात्र बऱ्याच अंशी खरं. जास्त उष्णतेत आंबवल्याने तो येतो. आणि आंबवताना ‘एलचं यीस्ट वर, लागरचं तळाशी’ हे अर्धंच खरं. आजच्या निमुळत्या टाक्यांत एलचं यीस्टही शेवटी तळाशीच बसतं.

भाच्याने मजकूर ग्रुपवरून काढलाय. ज्या मित्रांना पाठवला होता त्यांना अजून कळवलेलं नाही; ते आज करायला सांगितलंय. आणि शनिवारी बाइक घरीच राहील, त्याला आणायला मी जातोय.