जुलाबावर अँटिबायोटिक : एका फिरत्या मजकुराला उत्तर

पावसाळा लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. मुलांचे जुलाब म्हणजे पोटातले बॅक्टेरिया. ऑफ्लॉक्सासिन किंवा नॉरफ्लॉक्सासिनचं सिरप घरात असू द्या, दोन दिवसांत गुण येतो. ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी, त्याने जुलाब थांबत नाहीत. आणि गरज नसताना डोस गेला तरी बिघडत काही नाही. यातलं ओआरएसबद्दलचं विधान तेवढं अर्धं खरं आहे.

पहिला मुद्दा बॅक्टेरियाचा. आशिया-आफ्रिकेतल्या सात देशांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांचा मोठा अभ्यास झाला. भारतात त्याचं केंद्र कोलकाता होतं. २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत चार कारणं वर होती. रोटाव्हायरस हा विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, आणि बॅक्टेरिया दोनच : रक्ताची आव करणारा शिगेला आणि विष सोडणारा एक प्रकारचा ई. कोलाय. पुढे तेच नमुने पीसीआरने, म्हणजे जंतूंची जनुकं ओळखणाऱ्या चाचणीने, पुन्हा तपासले तेव्हा शिगेलाचा वाटा आधी वाटला त्याहून बराच मोठा निघाला, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने मोकळेपणाने नोंदवायला हवं. पण अ‍ॅडिनोव्हायरसचाही तसाच वाढला. विषाणूवर आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर हे सिरप काहीच करत नाही.

‘पण आमच्या मुलाला गुण आला!’ येणारच. विषाणूचे जुलाब बहुतेक वेळा आठवडाभरात आपले आपण थांबतात. तिसऱ्या दिवशी औषध सुरू केलं, पाचव्या दिवशी शी घट्ट झाली, की श्रेय बाटलीला. याची रीतसर परीक्षाही झाली आहे. भारतासह सात देशांत, रक्त नसलेले पाण्यासारखे जुलाब आणि त्यात डिहायड्रेशन किंवा कुपोषण असलेली आठ हजारांहून जास्त मुलं घेतली. निम्म्यांना तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन, निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. २०२१ साली निकाल आला : सहा महिन्यांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक नाही. ही तर जास्त धोक्यातली मुलं होती.

आता ओआरएस. त्याने जुलाब लगेच थांबत नाहीत, हे खरंच. ते त्याचं कामही नाही. मूल दगावतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ई. कोलायचं विष आतड्याला पाणी बाहेर टाकायला लावतं, पण ग्लुकोजसोबत सोडियम आत घेणारी वाट तेव्हाही चालू असते आणि पाणी त्यांच्यामागे जातं. मीठ-साखरेचं प्रमाण नेमकं लागतं ते यासाठी. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच ‘नुसतं पाणी’ पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. जुलाबाचे दिवस कमी करायचे असतील तर त्यासाठी झिंक आहे : सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, दहा ते चौदा दिवस. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी झिंक मिळालेली जेमतेम ३० टक्के होती.

‘बिघडत काही नाही’ हे मात्र सगळ्यात घातक वाक्य. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये रक्ताच्या आवेवर आधी सल्फा औषधं, मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल वापरली गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या चारही औषधांना न जुमानणारा शिगेला सापडू लागला. चक्रावणारी गोष्ट ही, की एकाच रुग्णाच्या शीमध्ये औषधाला बळी पडणारा आणि न पडणारा, असे दोन्ही शिगेला मिळत. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचिआई या जपानी संशोधकांनी कारण दाखवलं : आतड्यातला साधा ई. कोलाय आपली प्रतिकारक्षमता शिगेलाला देऊ शकतो. म्हणजे विषाणूच्या जुलाबावर दिलेला फुकटचा डोस मुलाच्या पोटातल्या निरुपद्रवी बॅक्टेरियांत प्रतिकारक जातींना मोकळं रान देतो, आणि त्यांची जनुकं पुढे खऱ्या रोगजंतूच्या हाती लागतात. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आव होऊ शकते, त्यामुळे अशी जात घरात, पाळणाघरात फिरायला वेळ लागत नाही.

मजकुरातली दोन्ही सिरपं फ्लुओरोक्विनोलोन या अँटिबायोटिकांच्या गटातली आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनही त्याच गटातलं, आणि २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आवेसाठी पहिल्या पसंतीचं ठरवलं होतं ते हेच. २०२४ मध्ये संघटनेने चिंताजनक प्रतिकारक बॅक्टेरियांची यादी काढली, तीत फ्लुओरोक्विनोलोनला न जुमानणारा शिगेला वरच्या प्राधान्याच्या गटात आहे. ज्या मुलाला खरोखर रक्ताची आव होते, त्याच्या डॉक्टरांच्या हातातलं औषध असं बोथट होतं.

अँटिबायोटिक लागतंच अशा वेळा आहेत : शीमध्ये रक्त, किंवा पटकीचा संशय आणि तीव्र डिहायड्रेशन. तिथे कुठलं आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी कमी झाली किंवा सारखी उलटी होऊ लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. जाताना वाटेतही ओआरएस चमच्याचमच्याने चालू ठेवावं, आणि अंगावरचं दूध तर मुळीच तोडू नये.