शनीच्या कड्यांचा 'तो' व्हिडिओ खरा नाही, कृपया पुढे पाठवू नका

काल रात्री मीच आमच्या म्हापशाच्या ग्रुपवर टाकला होता तो व्हिडिओ, 'कॅसिनी यानाने टिपलेले शनीच्या कड्यातले बर्फाचे गोळे एकमेकांवर आपटताना, रविवारी मिरामारवरून नुसत्या डोळ्यांनी दिसणार', असं खाली लिहिलेला. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, सॉरी.

सकाळी मोठ्या स्क्रीनवर सावकाश बघितला. एक गोळा उजव्या कडेने बाहेर जातो आणि त्याच क्षणी तसाच गोळा डावीकडून आत येतो, परत परत! कॅमेऱ्यात असं होत नाही, हे कॉम्प्युटरचं सिम्युलेशन आहे. अख्खं कडं मोजणं जमत नाही म्हणून एक छोटा चौकोन घेतात, त्यात हजारो कण सोडतात (एका कडेने बाहेर गेलेला कण दुसऱ्या कडेने परत आत घेतात), त्यांचं गुरुत्वाकर्षण आणि टकरी गणिताने काढतात आणि मग त्या आकड्यांची ॲनिमेशन करतात. त्यामुळे ते थोतांड नाही हां, शास्त्र खरंच आहे, कण गोळा होऊन तिरके पट्टे बनतात आणि परत विस्कटतात ते कसं, हे यातूनच नीट कळतं. फक्त तो फोटो नव्हे.

कॅसिनी तर 15 सप्टेंबर 2017 लाच शनीच्या वातावरणात शिरून संपलं, आणि त्याच्या सगळ्यात जवळच्या फोटोंतसुद्धा सुटे कण दिसले नाहीत. नुसत्या डोळ्यांना शनी म्हणजे पिवळसर ठिपका, कडी बघायला दुर्बीण लागतेच.

ज्यांनी माझ्याकडून घेऊन पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज डिलीट करा, आणि जिथे पाठवलाय तिथे हा मेसेज टाका, पोरं रविवारी उगाच वाट बघत बसतील.