गरामांतीस: ‘हरवलेल्या’ संस्कृतीच्या नावावर खपणाऱ्या गोष्टी

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: सहाराच्या वाळूखाली बर्बर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांची, एक प्रगत संस्कृती गाडली गेली होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तिचे वैभव लिहून ठेवले, इतिहासकारांनी ती दंतकथा ठरवली आणि 2011 मध्ये उपग्रहाने ती शोधून काढली. तिचे भुयारी कालवे आजच्या इंजिनिअरांनाही उलगडत नाहीत आणि ती एका रात्रीत नाहीशी झाली.

हे लोक म्हणजे गरामांतीस. आजच्या लिबियाच्या नैर्ऋत्येला, फेझानमध्ये, त्यांचे राज्य होते आणि गरामा म्हणजे आजचे जर्मा ही त्यांची राजधानी. त्यांचा खरा इतिहास इतका जबरदस्त आहे की त्याची अशी मोडतोड पाहवत नाही.

आधी उपग्रहाचे बघू. जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ 1850 मध्ये जर्मावरून गेला, तेव्हा तिथली रोमन धाटणीची दगडी समाधी उघड्यावर उभी होती आणि त्याने तिची नोंदही केली. 1930च्या दशकात इटालियन पथकाने तिथे थडगी उकरली, 1958 पासून चार्ल्स डॅनियल्स आणि 1997 पासून डेव्हिड मॅटिंग्ली या पुरातत्त्वज्ञांनी तिथे वर्षानुवर्षे काम केले. 2011 मध्ये लिबियात उठाव झाला, पथकाला परतावे लागले आणि त्याच वर्षी उपग्रहाच्या व हवाई छायाचित्रांतून शंभराहून अधिक तटबंदीची गावे आणि शेतवाड्या ओळखल्याचे जाहीर झाले. काम मोठेच आहे. पण छायाचित्रातली चौकोनी रेघ गरामांतीसांच्या गढीची आहे हे कळले, ते आधी जमिनीवर खापरे वेचणाऱ्यांमुळे.

आता प्राचीन लेखकांकडे येऊ, कारण सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. हिरोडोटसने, इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात, वैभव वगैरे काही लिहिलेले नाही. तो सांगतो की हे लोक संख्येने फार मोठे आहेत, मिठाच्या थरावर माती पसरून त्यात पेरणी करतात, त्यांच्या बैलांची शिंगे पुढे वाकलेली असल्यामुळे ते मागे मागे सरकत चरतात आणि चार घोड्यांच्या रथांतून ते गुहांत राहणाऱ्या इथिओपियनांची (ग्रीकांच्या लेखी काळ्या वर्णाच्या लोकांची) शिकार करतात. त्याच ग्रंथात थोडे आधी, उपलब्ध हस्तलिखितांत, याच नावाचे लोक शस्त्र न बाळगणारे आणि माणसांना टाळणारे असेही म्हटले आहे. ऐकीव माहिती अशीच असते, तिच्यात खरे आणि खोटे एकाच ओळीत बसते. बैलांची गोष्ट सोडून द्या, पण मोठी लोकसंख्या आणि शेती या दोन्ही गोष्टी उत्खननाने खऱ्या ठरवल्या. रथांची चित्रेही सहारातल्या खडकांवर आहेत.

रोमन काळातल्या लेखकांनी तर त्यांना कमीच लेखले. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या लेखी ते शेजाऱ्यांना लुटणारे बेलगाम लोक. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातला, ग्रीकमध्ये लिहिणारा लुशियन त्यांना तंबूत राहणारे शिकारी म्हणतो, आणि नेमक्या त्याच काळात गरामात घडीव दगडांच्या इमारती उभ्या होत्या. रोमन लेखक प्लिनीचे एक वाक्य मला सगळ्यांत मोलाचे वाटते. रोमन सेनापती कॉर्नेलियस बाल्बसने गरामा जिंकले आणि इसवीसनापूर्वी 19 मध्ये रोममध्ये त्याची विजययात्रा निघाली, हे तो सांगतो. पुढे तक्रार करतो की तिथले लुटारू वाटेवरच्या विहिरी वाळूने बुजवतात, आणि सहज जोडतो की जागा माहीत असेल तर त्या फार खोल खणाव्या लागत नाहीत. त्याला दोष द्यायचा होता, पण पाणी कुठे वर आहे हे तिथल्या माणसांना नेमके ठाऊक होते, याची साक्ष तो देऊन गेला.

त्या पाण्यावरच सारे उभे होते. कड्याच्या पायथ्याशी एक मूळ विहीर, तिथून दरीकडे अगदी मंद उताराचे भुयार, आणि माती काढायला व साफसफाईला काही काही मीटरवर उभी भोके. याला तिकडे फोगारा म्हणतात. औरंगाबादची, आता छत्रपती संभाजीनगरची, नहर-ए-अंबरी ही जुनी भुयारी पाणीयोजना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. फेझानमध्ये असे सहाशेहून अधिक फोगारे सापडले आहेत आणि काहींची भोके 40 मीटरपर्यंत खोल आहेत. न उलगडणारे यात काहीच नाही. ही पद्धत इराणकडची, बहुधा इजिप्तमार्गे आलेली. त्या पाण्यावर गहू, जव, खजूर, द्राक्षे, पुढे ज्वारी-बाजरीही पिकली.

मजकुरात जे मुळीच नाही ते मात्र सांगितलेच पाहिजे. ही भुयारे खणायला आणि दरवर्षी साफ करायला अफाट माणूसबळ लागत होते, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिणेकडून पकडून आणलेल्या गुलामांचा असावा असे अभ्यासक मानतात. हिरोडोटसची ती रथांची ‘शिकार’ या उजेडात पुन्हा वाचा. ‘प्रगत’ म्हणून टाळ्या वाजवताना भुयारात वाकून माती उपसणारा माणूस गाळला जातो, आणि याचा मला मनापासून राग येतो.

राहिली एका रात्रीची गोष्ट. फोगारे ज्या पाण्यावर चालत ते हजारो वर्षांपूर्वी, सहारा हिरवा असताना, साठलेले होते आणि त्याची भरपाई होत नव्हती. उपसा चालू राहिला, पातळी शतकानुशतके खाली गेली, रोमशी असलेला व्यापारही आटला. तरी राज्य टिकून होते. सहाव्या शतकात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याची नोंद आहे. सातव्या शतकात अरब सेनापती उक्बा इब्न नाफी फौज घेऊन आला, तेव्हा जर्माचा राजा शरण यायला शहराबाहेर निघाला. अरब इतिहासकार इब्न अब्द अल-हकम लिहितो की घोडेस्वारांनी त्याला त्याच्या लोकांपासून तोडून पायी चालायला लावले, आणि उक्बापाशी पोचेपर्यंत तो रक्त ओकत होता. त्याच्यावर 360 गुलामांची खंडणी बसवली गेली. त्यानंतरही जर्मात वस्ती राहिली. जुने गाव सोडून लोक शेजारच्या नव्या जर्मात गेले ते थेट विसाव्या शतकात.