विसर्ग आणि अपूर्णविराम

गेल्या महिन्यात एका ग्रंथाची शब्दसूची करताना मी ‘अंतःकरण’ हा शब्द संगणकाला शोधायला सांगितला, तेव्हा समोरच्याच पानावर तो तीनदा असूनही ‘सापडला नाही’ असे उत्तर आले, कारण अक्षरजुळणी करणाऱ्याने विसर्गाच्या जागी अपूर्णविराम दिला होता. डोळ्याला दोन्हीकडे दोन टिंबेच दिसतात. संगणक मात्र चिन्हाचा आकार न पाहता त्याचा क्रमांक पाहतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, विसर्गाचा क्रमांक २३०७ आणि अपूर्णविरामाचा ५८ आहे, त्यामुळे ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ हे संगणकाच्या लेखी दोन निराळे शब्द ठरतात.

मला ही बाब क्षुल्लक वाटत नाही. शोधून न सापडणारा शब्द संगणकावरच्या मजकुरात असून नसल्यासारखाच असतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्ट दाबून संयोगरेषेची कळ दाबली की विसर्ग उमटतो. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी चुकीचे चिन्ह वापरण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

‘ऱ्य’ची अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांच्या अर्थांतला फरक आपण शाळेतच शिकतो; पण ‘ऱ्य’ लिहिताना कोणी ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) जोडतो, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच दिसत असली, तरी एक शोधताना दुसरे हाती लागेलच याची खात्री नसते. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, तरी ‘अ’वर चंद्र चढवून तो लिहिण्याची जुनी सवय अजून टिकून आहे.

जुन्या मजकुराची दुरुस्ती मात्र जिकिरीची आहे. सगळे अपूर्णविराम एका फटक्यात बदलले, तर ‘१०:३०’सारख्या वेळाही बिघडतात. ‘नि:शब्द’, ‘अंत:करण’ असे शब्द एकेक घेऊन बदलता येतात. पण ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘प्राय:’ यांच्या शेवटी आलेली टिंबे विसर्गाची की खरोखरच अपूर्णविरामाची, हे वाक्य वाचल्याशिवाय ठरवता येत नाही. उलट, ‘विषय’ आणि ‘दिनांक’ यांच्यापुढे अनेक पत्रांत चक्क विसर्ग दिलेला आढळतो, आणि ‘विषयः’ असा संस्कृत शब्द विनाकारण तयार होतो. त्या ग्रंथाची ३०० पाने मी याच कारणासाठी पुन्हा ओळीओळीने वाचतो आहे.