तो हात कशाला वर केलाय, बघा तरी

सकाळी भाच्याने मोबाईल नाकासमोर धरला. "मामा, तुझ्या आर.ई.एम.चो शेवटचो आल्बम खालसून तिसरो!" कुणीतरी बसून या अमेरिकन रॉक बँडच्या पंधरा आल्बमांची उतरंड लावलीय. तेव्हापासून डोकं सणकलंय.

तो शेवटचा आल्बम म्हणजे 'कोलॅप्स इन्टू नाऊ'. मार्च २०११. तेव्हाही समीक्षकांनी कौतुक केलं, नाही असं नाही. पण कसं? 'बऱ्याच वर्षांनी बरं जमलंय.' उरलेले म्हणाले, स्वतःचीच जुनी गाणी पुन्हा गातायत. अरे, मग कुणाची गायची? एकतीस वर्षं ज्यांनी स्वतःचा आवाज घडवला, त्यांनी जाताना दुसऱ्याचा उसना आणायचा?

आमच्या देवळातल्या जत्रेतले अण्णा आठवतात. दशावतारात राजपार्ट करायचे. त्यांच्या शेवटच्या नाटकाला मी अकरा वर्षांचा, पुढे मुलांच्या घोळक्यात. मागे पान लावत बसलेल्या मंडळींनी मध्यरात्रीच निकाल दिला, "अण्णांक आता जमणा नाय. पूर्वीचो आवाज नाय ऱ्हवलो." अण्णांना ते ऐकू गेलं असणार. पायपेटीवाल्याकडे बघून हसले आणि पुढचं पद एक पट्टी खाली घेतलं. काय घेतलं म्हणून सांगू!

बरं, मान्य. आल्बमात दोन-तीन गाणी भरतीची आहेत, ते मगरीचं तर मीही पुढे ढकलतो. बिल बेरी १९९७ मध्ये ड्रम सोडून गेला, ती जागा कधीच भरली नाही, हेही खरं. झालं समाधान?

पण 'ओह माय हार्ट' ऐका. कतरिना चक्रीवादळाने झोपवलेल्या न्यू ऑर्लिन्सला परतणाऱ्या माणसाचं गाणं. तौक्तेनंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, मागची माडं आडवी, कौलं अंगणात. मोबाईलमध्ये उरलेल्या चार टक्क्यांत मी तेच लावलं होतं. त्याला किती तारे द्यायचे ते तुम्ही ठरवा, उतरंडवाल्यांनो.

आणि शेवटचं 'ब्लू'. बँडचा गायक मायकल स्टाइप पुटपुटतो, पाहुणी गायिका पॅटी स्मिथ गाते, आणि संपता संपता आल्बमातलं पहिलंच गाणं परत येतं. यांना काय सुचवायचंय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मुखपृष्ठावर तर स्टाइप सरळ हात वर करून उभा आहे! सप्टेंबरात बँड संपल्याचं जाहीर झालं, नंतर त्यानेच सांगितलं, तो निरोपाचा हात होता.

मघापासून समीक्षकांना शिव्या घालतोय खरा. पण ते मुखपृष्ठ सहा महिने माझ्याही कम्प्युटरच्या पडद्यावर होतं. मला वाटलं, फोटो काढताना उन्ह आडवायला हात धरला असेल.

अण्णांचंही तेच. पहाटे दहीकाला झाला, पेटारा टेम्पोत चढला. अण्णा खोबरेल लावून रंग पुसत मागे बसलेले, कानामागे तांबडं तसंच. मी टेम्पोमागे धावत ओरडलो, "अण्णानू, पुढच्या वर्षी राजा तुमीच करशात मा?"

त्यांनी हात वर केला. मी घरी येऊन आईला सांगितलं, अण्णा हो म्हणाले.