नावातला ळ

नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट शहरातली माझी शेजारीण दिसायला आपल्यातली, बोलायला अस्सल डच. १९८१ साली पुण्यातल्या एका संस्थेतून तिला इथे दत्तक आणलं, तेव्हा ती दीड वर्षाची होती. गेल्या महिन्यात एक पिवळट झेरॉक्स घेऊन ती दारात आली, "एवढं वाचून देतेस?" मराठीत चार ओळी. रंग सावळा, प्रकृती बरी, आई अविवाहित. खाली संस्थेत ठेवलेलं नाव. चाळीसहून अधिक वर्षं हे नाव ती 'ल' लावून सांगत आली. कागदावर चक्क ळ होता.

मामीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अगं, नशीब काढलं पोरीने! आता कशाला उकरायचं? त्या बाईचा संसार असेल." पहिल्या वाक्याचा मला रागच आला. आम्ही दर रविवारी मुलांना मराठी शाळेत ओढत नेतो, मुळं तुटू नयेत म्हणून; आणि हिने मुळं विचारली की ती कृतघ्न! शेवटचं वाक्य मात्र खोडता येईना. ती आई आज साठीची असेल, घरात सुना-नातवंडं.

इथे वारं उलटं आहे. जुन्या परदेशी दत्तकांतले गैरप्रकार सांगणारा सरकारी अहवाल २०२१ मध्ये आला, २०२४ मध्ये तर परदेशातून दत्तक घेणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. अहवालात बारकाईने तपासलेल्या पाच देशांत भारत नव्हता, तरी हिची झोप उडाली. तिच्या इथल्या मैत्रिणी म्हणतात, सरळ जाऊन दार ठोठाव. मला ते पटत नाही.

आपल्याकडे १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. ही त्याआधी गेलेली. आजच्या नियमांत मोठ्या झालेल्या मुलाला मुळांचा शोध घेता येतो, पण आईने गुप्तता मागितली असेल तर आधी तिची संमती लागते. परस्पर तिसऱ्याने शोध घ्यायचा नाही, म्हणून मामीची "मी करते चौकशी" ही ऑफर मी नाकारली. (हो, तीच मामी!) हा नियम मला बरोबर वाटतो. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची: संस्थेने कळवलं, मूळ फाइल पावसात भिजली. आई नाही म्हणू शकते; कागदाने का नाही म्हणावं?

अर्ज गेला आहे. कुत्र्याला फिरवताना ती ळ घोकते. जीभ वर वळवून, पुन्हा पुन्हा. परवा एकदाच नीट जमला, तर कुत्र्याने मागे वळून पाहिलं.